घाटाचा रस्ता आणि मागच्या सीटवरची दोन मुले

पत्राचा सारांश: पश्चिम नागपुरात राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. त्यांचा मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी तीन वर्षांची आहे. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत पतिपत्नींनी मोटारसायकलवरून हिमाचलात भटकंती केली होती. आता येत्या उन्हाळ्याच्या सुटीत स्वतःची गाडी घेऊन, मुलांसह, मनालीमार्गे स्पितीला जावे असा पतीचा आग्रह आहे. सासूबाईंचे म्हणणे असे, की ‘लेकरं मोठी होऊ द्या, एवढ्या लहान वयात त्यांना काय आठवणार?’ गेल्या वर्षी हे कुटुंब दोन दिवसांसाठी चिखलदऱ्याला गेले होते. तेव्हा धाकटीला घाटात सारख्या उलट्या झाल्या, एका दिवसात सगळे पॉइंट पाहण्याच्या धावपळीत मुलगा रडकुंडीला आला आणि परतीच्या वाटेवर पतिपत्नींचे कडाक्याचे भांडण झाले. त्या प्रवासात धाकटी बहुतेक वेळ पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर होती. ‘डोंगर मलाही तितकेच आवडतात, पण नाही म्हटले तर मुलांमुळे सगळे थांबले असे होते आणि हो म्हटले तर सगळे मलाच निस्तरावे लागते. काय करावे?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोनच वाटा दिसतात: एक तर स्पितीला जायचे, नाही तर मुले मोठी होईपर्यंत घरी बसायचे. या दोहोंपैकी कोणती बरी, हे ठरवण्याआधी तुम्ही, तुमच्या पतींनी आणि सासूबाईंनी, म्हणजे तिघांनीही, काही गोष्टी न तपासता गृहीत धरल्या आहेत असे मला वाटते, आणि उत्तराची सुरुवात तिथूनच करणे योग्य होईल.

सासूबाईंचा मुद्दा आधी घेते, कारण तो सर्वांत जुना आणि बहुतेक घरांत ऐकू येणारा आहे. तीन-साडेतीन वर्षांच्या आतल्या आठवणी मोठेपणी सहसा राहत नाहीत, हे खरे आहे, आणि धाकटीला हा प्रवास पुढे आठवणार नाही असे धरून चालायला हरकत नाही. परंतु तिला तुम्ही रोज रात्री गोष्ट सांगता, तीही तिला आठवणार नाही, आणि म्हणून ती सांगणे तुम्ही थांबवलेले नाही. शिवाय तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला पुष्कळ काही आठवेल, त्यात चिखलदऱ्याच्या वाटेवरचे भांडणही असेल. तेव्हा मुलांना आठवेल की नाही, यापेक्षा त्या चार दिवसांत मुले आणि तुम्ही कसे असाल, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. सासूबाईंच्या बोलण्यामागे नातवंडांची काळजी आहे आणि गेल्या वर्षीचा अनुभव पाहता ती निराधार नाही. फक्त तिचे उत्तर ‘जाऊच नका’ हे नसून ‘वेगळ्या रीतीने जा’ हे आहे.

दुसरे गृहीतक पतींचे आहे, आणि ते तुमच्याही मनात आहे: डोंगर म्हणजे हिमालय. निसर्गरम्य म्हणजे काय, हे आपण मोठ्यांच्या डोळ्यांनी ठरवतो. दूरवरची शिखरे, दरीवर तरंगणारे धुके, एकामागे एक निळसर होत गेलेल्या रांगा यांत आपण हरवून जातो. तीन वर्षांच्या मुलीला मात्र मागच्या सीटवरून बहुधा पुढच्या सीटची पाठ आणि खिडकीच्या वरच्या भागातले आभाळ दिसत असते. तिचे रम्य दृश्य हाताच्या अंतरावर असते: ओढ्यातले गोटे, वाटेवरची शेळी, गार पाण्यात बुडवलेली बोटे, वाळक्या पानांचा आवाज. स्पितीतल्या ओढ्याचे पाणी आणि आपल्या जवळच्या सतपुड्यातल्या तामिया गावाजवळच्या ओढ्याचे पाणी यांत तिच्या लेखी काही फरक नाही, पण तिथवर पोचायला लागणाऱ्या दिवसांत फार मोठा फरक आहे. मुलांना मोठ्यांची दृश्ये दाखवू नयेत, असे मी म्हणत नाही. मात्र जिथे दर तासा-दीड तासाला गाडी थांबवून खाली उतरता येते आणि काहीतरी हाताळता येते, असा रस्ता त्यांच्यासाठी सुंदर असतो, आणि प्रवासाची आखणी घरातल्या सर्वांत लहान प्रवाशाच्या दिवसावरून करावी, ही माझ्या सगळ्या सल्ल्याची मूळ बाब आहे.

आता स्पितीविषयी स्पष्टच लिहिते, कारण तुमच्या पतींना ‘नको’ याऐवजी ‘का नको’ हे कळणे आवश्यक आहे. नागपूर ते मनाली हे अंतर सुमारे १६०० किलोमीटर आहे. मे महिन्यात नागपूर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा या उन्हाने भाजणाऱ्या पट्ट्यातून मुलांना दिवसभर गाडीत बसवून नेणे म्हणजे जाऊन-येऊन निदान सहा दिवस, तेही डोंगर दिसण्यापूर्वी आणि दिसेनासे झाल्यानंतर, खर्ची घालणे होय. त्यानंतर प्रश्न उंचीचा येतो. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटरवर आहे, स्पितीतले मुख्य गाव काझा ३६०० मीटरहून उंच आहे आणि या दोहोंमधली कुंझुम खिंड ४५०० मीटरच्या वर आहे. साधारण २५०० मीटरनंतर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. ३००० मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि मधूनमधून एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन सांगते. मनालीहून निघून त्याच रात्री काझाला झोपणे या मर्यादेत कुठेच बसत नाही. मोठ्या माणसाला डोके दुखू लागले तर तो सांगतो, तीन वर्षांची मुलगी सांगू शकत नाही. ती चिडचिडी होते, जेवत नाही, झोपत नाही, उलटी करते, आणि जिला घाटात तसेही उलट्या होतात तिच्या बाबतीत ही उलटी वळणांची की उंचीची, हे तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून ओळखणार कसे? उंचीचा त्रास असेल तर पहिला उपाय खाली उतरणे हा असतो, आणि त्या रस्त्यावर खाली उतरायचे तर आधी खिंड चढावी लागते. शिवाय कुंझुम हिवाळ्यात बर्फामुळे बंद असते आणि मे महिन्यात ती उघडलेली असेलच याची खात्री देता येत नाही. मोटारसायकलवर तुम्ही दोघांनी हे सारे निभावले असेल. तेव्हा त्रास झाला तर तो तुमचा होता आणि तुम्ही तो स्वीकारून निघाला होता.

मग चिखलदऱ्यात काय बिघडले? चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे उंचीचा प्रश्न तिथे नव्हता. तुमचे पत्र वाचून असे दिसते, की बिघाड डोंगरात नव्हता आणि धाकटीतही नव्हता. तो वेळापत्रकात आणि बसण्याच्या व्यवस्थेत होता. गाडी लागणे हा त्रास साधारणपणे दोन ते बारा या वयात अधिक आढळतो आणि पुष्कळ मुलांचा तो वयाबरोबर कमी होतो. आतला कान ‘आपण वळतो आहोत’ असे सांगतो आणि डोळ्यांसमोर सीटची पाठ किंवा मोबाइल स्थिर असतो. या दोन सूचनांचा मेळ न बसल्याने मळमळ होते. म्हणून घाटात मोबाइलवर गाणी दाखवणे, जे आपण रडणे थांबवण्यासाठी करतो, तेच उलटीला आमंत्रण देते. मुलांना पुढची काच दिसेल असे बसवावे, दूरचे झाड किंवा डोंगराची कड पाहायला सांगावी, खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि गाडीत तीव्र वासाचे सुगंधी द्रव्य लावू नये. निघताना पोट अगदी रिकामे नसावे आणि भरलेलेही नसावे. नागपूरकरांच्या प्रवासाची सुरुवात तर्री-पोह्यांनी होते, हे मला ठाऊक आहे, पण घाटाच्या दिवशी मुलांसाठी साधी पोळी, केळे किंवा मुरमुरे बरे. तर्री, आलुबोंडा आणि सांबारवडी मुक्कामी पोचल्यावर खाता येईल. औषधाचा विचार असेल तर तो बालरोगतज्ज्ञांकडूनच करून घ्या, मोठ्यांच्या गोळीचा तुकडा करून देऊ नका, आणि डॉक्टरांनी औषध सांगितले तर ते प्रवासापूर्वी किती वेळ आधी द्यायचे आणि त्याने झोप येते का, हेही विचारून घ्या.

यापुढची एक बाब मात्र मी सौम्य शब्दांत सांगणार नाही. धाकटीला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन प्रवास करू नका, घाटात नाही आणि शंकरनगर चौकापर्यंतही नाही. करकचून ब्रेक लागला किंवा धडक बसली, तर त्या क्षणी मुलाच्या शरीराला मिळणारा झटका कोणत्याही आईच्या हातांना पेलणारा नसतो. समोरची एअरबॅग उघडली तर तीच मुलाला इजा करते, आणि मागून आईचे वजन मुलावर येते. ज्या कुशीत मूल सुरक्षित असे आपल्याला वाटते, ती कुशी गाडीत सुरक्षित नसते, हे मनाला पटायला जड आहे, तरी ते मान्य करायलाच हवे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसन लावणे बंधनकारक आहे आणि न लावल्यास १००० रुपये दंड आहे. पण दंड हे त्याचे खरे कारण नव्हे. तीन वर्षांच्या मुलीसाठी स्वतःचे पट्टे असलेले बालआसन घ्या. तिच्या उंची-वजनाला ते मागे तोंड करून बसवता येत असेल, तर तसे बसवणे अधिक सुरक्षित असते. एवढे खरे, की मागे तोंड असताना समोरचा रस्ता दिसत नाही आणि मळमळ वाढू शकते, म्हणून तुमच्या मुलीच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्या. सात वर्षांच्या मुलासाठी उंची वाढवणारे आसन लागते, कारण गाडीचा पट्टा मोठ्यांच्या मापाचा असतो. तो मुलाच्या खांद्याच्या हाडावरून आणि कमरेच्या हाडांवरून जायला हवा, मानेवरून आणि पोटावरून नव्हे. ही आसने स्वस्त नाहीत. परंतु स्पितीला जाण्या-येण्याच्या इंधनाच्या आणि मुक्कामांच्या खर्चाशी तुलना केली, तर दोन्ही आसनांसाठी पैसे कुठून आणायचे याचे उत्तर तुम्हाला सापडेल. दोन्ही मुलांना मागच्याच सीटवर बसवा, आणि निघण्याआधी महिनाभर शहरातल्या फेऱ्यांमध्ये त्यांची सवय करा. नवीन आसन घाटाच्या दिवशी पहिल्यांदा लावले, तर रडारड ठरलेली आहे.

तर मग जायचे कुठे? माझी सूचना अशी, की येत्या दिवाळीच्या सुटीत, भाऊबीज झाल्यावर, छिंदवाडा-तामिया मार्गे मध्य प्रदेशातल्या पचमढीला जा. त्याआधी एखाद्या रविवारी रामटेकला जाऊन या. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, शेवटी गडावर जाणारा छोटासा चढाचा रस्ता आहे, आणि आसने, थांबे, खाणे या सगळ्याची तालीम अर्ध्या दिवसात होते. तिथे काही बिनसले तरी दुपारच्या जेवणाला तुम्ही घरी असाल.

पचमढी मी मुद्दाम सुचवते आहे. विदर्भातल्या कितीतरी घरांत पचमढी म्हणजे महादेवाची यात्रा, आजोबा-पणजोबांनी केलेली, आणि तुमच्या सासूबाईंच्या मनात त्या गावाविषयी स्पितीपेक्षा निश्चितच वेगळी भावना असेल. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होते तेव्हा उन्हाळ्यात प्रांताचा कारभार पचमढीला हलत असे, म्हणजे या दोन गावांचे नाते जुनेच आहे. फक्त महाशिवरात्रीला आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारच्या यात्रेत तिथे प्रचंड गर्दी असते. त्या दिवसांत लहान मुलांना घेऊन हौसेने जाण्यात अर्थ नाही.

नागपूर ते पचमढी हे अंतर अडीचशे किलोमीटरहून थोडे जास्त आहे. मोठी माणसे ते सहा-सात तासांत कापतात, आणि नेमकी हीच चूक तुम्ही करू नये अशी माझी विनंती आहे. पहिल्या दिवशी तामियाला थांबा, दुसऱ्या दिवशी उरलेले ऐंशी किलोमीटर सावकाश पार करा. पहाटे निघा, म्हणजे मुले पहिला तास-दीड तास गाडीतच झोपतील. सावनेर ओलांडले, की पुढे सौंसरपर्यंत सपाट रस्ता आणि दोन्ही बाजूंनी संत्र्याचे मळे आहेत; दिवाळीच्या दिवसांत आंबिया बहाराची फळे झाडावर असतात, आणि मालकाला विचारून मुलांना मळ्यात पाच मिनिटे उभे केले, तर त्याहून रम्य काही त्या सकाळी त्यांना नको असते. राज्याची सीमा ओलांडली तरी सौंसरच्या बाजारात मराठीच कानांवर पडते. जवळच जामसावळीला निद्रिस्त हनुमानाचे मंदिर आहे. तिथे उतरून हातपाय मोकळे करता येतात. पुढे रामाकोन्याजवळ कन्हान नदी लागते. इथे गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि मुलाला सांगा, की नागपूरच्या नळाला येणाऱ्या पाण्यात हीच नदी आहे. सात वर्षांच्या मुलाला ही गोष्ट पुरेशी अद्भुत वाटते. पुढे सिल्लेवानी घाट लागतो, आणि तो चढण्याआधी मुलांचे खाणे होऊन अर्धा-पाऊण तास झालेला असावा.

छिंदवाड्यात जेवण आणि तासभर विश्रांती घ्या. परासियाच्या पुढे रस्ता पुन्हा वर चढू लागतो आणि तामियाला पोचेपर्यंत सतपुड्याच्या रांगा समोर उघडतात. तुम्हाला ज्या दृश्याची भूक आहे ते इथे आहे, आणि ते मुक्कामाच्या अंगणात खुर्ची टाकून, मुले खेळत असताना पाहता येते. जवळच पाताळकोट आहे. त्या खोल दरीत भारिया आणि गोंड समाजाची गावे आहेत. या वेळी तो वरूनच पाहा; मुलांना घेऊन दरीत उतरण्याचा आग्रह धरू नका. मुलाला आणखी एक गोष्ट दाखवता येईल: सकाळी ओलांडलेल्या कन्हानचे पाणी वैनगंगेतून शेवटी गोदावरीत जाते, आणि तामिया सोडून मटकुलीकडे उतरताना भेटणाऱ्या देनवा नदीचे पाणी तवेतून नर्मदेला मिळते. दोन मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांमधला जलविभाजक त्याने गाडीत बसून ओलांडलेला असतो. त्याला कागदी नकाशा द्या, पेन्सिल द्या, आणि थांब्यावर उतरल्यानंतर, गाडी उभी असताना, आपण कुठवर आलो ते त्यावर खूण करायला सांगा. चालत्या गाडीत मात्र कागद नको. तेव्हा रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड वाचायला सांगावे. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा आणि राज्य महामार्गाच्या दगडाचा हिरवा असतो, आणि हे एकदा कळले की मुलगा स्वतःच बाहेर पाहत राहतो.

पचमढीत एकाच ठिकाणी तीन रात्री राहा. दिवसाला एक ठिकाण सकाळी, आणि दुपारी झोप. धाकटीची दुपारची झोप मोडली, की संध्याकाळ सगळ्यांचीच मोडते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. प्रियदर्शिनी पॉइंट, पांडव गुंफा आणि तलाव ही ठिकाणे लहान मुलांना झेपतात. जटाशंकरला पायऱ्या उतराव्या लागतात, पण हात धरून जमते. हांडी खोहजवळ कठडा असला तरी एका मोठ्या माणसाने एकाच मुलाची जबाबदारी घ्यावी, दोघांनी दोघांवर लक्ष ठेवायचे असे ठरवले की कुणाचेच कुणावर लक्ष राहत नाही. बी फॉलला खाली उतरणे सोपे वाटते, परंतु चढताना धाकटी कडेवर येणार. चौरागडच्या शेकडो पायऱ्या या वेळी सोडून द्या. धूपगड हा १३५० मीटर उंचीचा, सतपुड्यातला सर्वांत उंच माथा, आणि तिथला सूर्यास्त प्रसिद्ध आहे. पण परतताना अंधार, गारठा आणि गर्दी हे तिन्ही एकदम येतात, तेव्हा सकाळी गेलात तर मुलांना तो अधिक लाभेल. वनक्षेत्रातल्या काही ठिकाणी स्वतःची गाडी नेता येत नाही आणि परवाना असलेली स्थानिक जीप करावी लागते. त्या जीपमध्ये बालआसने बसवता येतीलच असे नाही. म्हणून जवळची ठिकाणे निवडा आणि चालकाला हळू चालवायला आधीच बजावा. माकडांना खायला देऊ नका आणि मुलांच्या हातात उघडा खाऊ ठेवू नका.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी सर्वांत जास्त थांबले, त्याकडे येते: ‘सगळे मलाच निस्तरावे लागते.’ चिखलदऱ्याच्या प्रवासात पती गाडी चालवत होते आणि मागचे-पुढचे सारे तुमच्याकडे होते. त्यांच्या लेखी प्रवास म्हणजे रस्ता होता. तुमच्या लेखी तो पिशव्या, ओले कपडे आणि रडणे होता. एकाच गाडीतून तुम्ही दोघांनी दोन वेगळे प्रवास केले, आणि म्हणून पुन्हा जाण्याचा उत्साह त्यांना आहे, धास्ती तुम्हाला आहे. तुम्ही ओघात लिहिले आहे, की तुम्हालाही गाडी चालवता येते, पण बाहेरगावी चालवण्याची वेळ येत नाही. ती वेळ आणा. नागपूर ते सौंसर हा सपाट टप्पा तुम्ही चालवा आणि त्या वेळी मुलांशेजारी मागे ते बसतील असे ठरवा. खाऊ, पाणी, शू, ‘अजून किती दूर’ या प्रश्नाचे विसावे उत्तर, हे सारे त्या काळात त्यांच्याकडे राहील. हे मी कुणाला धडा शिकवण्यासाठी सुचवत नाही. मागच्या सीटवर एकदा बसून पाहिलेला माणूस घाटात गाडी वेगळ्या तऱ्हेने चालवतो. वळणाआधी वेग कमी करणे, हलक्या पायाने ब्रेक दाबणे, थांबण्याची विनंती पहिल्याच वेळी ऐकणे हे त्याला सांगावे लागत नाही. आणि तुम्हालाही, किती वर्षांनी, तो रस्ता समोरून दिसेल.

घाट चालवण्याविषयी थोडक्यात सांगते, कारण तुमच्या पतींना बरेचसे ठाऊक असेल. उतारावर खालच्या गिअरमध्ये राहावे, ब्रेकवर सतत पाय ठेवू नये. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा आणि ओव्हरटेक टाळावे. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोचणे हा नियमच समजा, कारण या रस्त्यावर जंगल आहे आणि अंधारात जनावरे आडवी येतात. टायर, स्टेपनी, ब्रेक आणि कूलंट निघण्याच्या आदल्या आठवड्यात तपासून घ्या. मधल्या काही भागांत मोबाइलला नेटवर्क नसते, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा आणि थोडी रोकड जवळ ठेवा. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक दोघांच्याही लक्षात असावेत.

सामानात एक वेगळी पिशवी पायाशी ठेवा, डिकीत नव्हे: प्रत्येक मुलाचे दोन जादा कपडे, जुने टॉवेल, तोंड बांधता येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, ओली फडकी, ओआरएस, तापाचे डॉक्टरांनी सांगितलेले औषध आणि धाकटीचे शूचे भांडे. डबे, बाटल्या, छत्री अशा जड वस्तू मागच्या काचेपाशी मोकळ्या ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की त्या मुलांच्या डोक्यावर येतात. मागच्या दारांचे चाइल्ड लॉक लावा. वळणांवर, गाडी चालू असताना, शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, ते घशात अडकण्याचा धोका असतो. रात्री पचमढीत गारठा असतो, तेव्हा स्वेटर आणि कानटोप्या विसरू नका.

पतींशी बोलताना ‘स्पिती नको’ येथून सुरुवात करू नका. त्यांचे दुःख स्पितीपुरते नाही. मुले झाल्यावर आपल्या आयुष्यातला एक आवडता भाग संपला की काय, ही भीती त्यामागे आहे, आणि तुमच्या पत्रावरून ती तुम्हालाही आहे. ती त्यांना सांगा. दोघांची भीती एकच आहे हे कळले, तर कुणी कुणाला अडवते आहे असे वाटणार नाही. ‘मुलांमुळे थांबले’ हे वाक्य मुलांच्या कानांवर पडू नये, एवढी काळजी मात्र आतापासूनच घ्या. सात वर्षांच्या मुलाला त्याचा अर्थ कळतो. सासूबाईंची प्रकृती साथ देत असेल तर त्यांनाही विचारून पाहा. मात्र त्या आल्या तर मागे दोन आसनांमध्ये बसायला जागा उरते का, हे आधी मोजून पाहा, आणि उरत नसेल तर मोठी गाडी भाड्याने घ्या, धाकटीला मांडीवर घेऊन जागा करू नका.

उन्हाळ्याचा निर्णय पचमढीहून परतल्यावर घ्या. मुले रमली, धाकटीचा त्रास आटोक्यात राहिला, तर हिमाचलाला जरूर जा, पण नागपूर ते दिल्ली आणि पुढे कालका हा मैदानातला टप्पा रेल्वेने करा. मुलांना रेल्वेत उठता-बसता येते, झोपता येते आणि गाडी कुणालाच चालवावी लागत नाही. कालका-सिमला ही १९०३ पासून धावणारी डोंगरी रेल्वे मुलांसाठी स्वतःच एक सहल आहे. विदर्भातल्या शाळा राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा मेच्या ऐन गर्दीऐवजी जूनच्या पहिल्या पंधरवड्याचा विचार करता येईल. सिमल्याच्या परिसरात, २५०० मीटरच्या खाली, एकाच ठिकाणी पाच-सहा दिवस राहा आणि तिथून स्थानिक गाडीने लहान फेऱ्या मारा. बालआसने सोबत न्या किंवा ती मिळतील का, हे गाडी ठरवतानाच विचारा. स्पितीसाठी धाकटी आपले डोके दुखते आहे, श्वास लागतो आहे असे नेमके सांगू शकेल एवढी होऊ द्या. तेव्हाही मनालीकडून एकदम वर चढण्यापेक्षा सिमल्याहून किन्नौरमार्गे, कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत, टप्प्याटप्प्याने उंची वाढवत काझाला पोचता येते, आणि मधे कुठे त्रास झालाच तर आल्या वाटेने, खिंड न चढता, खाली परतता येते. हा मार्ग तुमच्या पतींना आजच नकाशावर दाखवा.